डाउनलोड्सची आवराआवर : फाइल आली कुठून?

या आठवड्यात दुबार फायली घेणार होतो. तो विषय पुढच्या भागावर ढकलतो आहे, कारण कराडच्या एका वकील वाचकांचं पत्र आलं आणि त्यांचा प्रश्न इतका नेमका आहे की त्याला बगल देऊन पुढे जाववेना.

ते लिहितात, एक्स्टेन्शनप्रमाणे फायली लावणारी आपली आधीची स्क्रिप्ट चालवली, सगळ्या पीडीएफ पीडीएफच्या फोल्डरात गेल्या, चित्रं चित्रांत गेली. पण त्यांच्याकडे येणारं जवळपास सगळंच पीडीएफ असतं. सातबारा पीडीएफ, कोर्टाचा आदेश पीडीएफ, बँकेचं स्टेटमेंट पीडीएफ, पक्षकाराने मेलवर पाठवलेलं खरेदीखत तेही पीडीएफ. नावं बघावीत तर नुसते आकडे. म्हणजे एक ढीग होता तो उचलून दुसरीकडे ठेवला, एवढंच झालं. यावर उपाय काय?

त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. एक्स्टेन्शन आपल्याला फाइल कशात उघडायची ते सांगतं. ती आपण कशासाठी उतरवून घेतली, हे त्यातून कळत नाही. आणि माणूस फाइल शोधतो ती ‘महाभूमीवरून काढलेला उतारा कुठे गेला’ असं म्हणत. आपल्या आठवणीत फाइल कुठून आली तेच पक्कं बसलेलं असतं. मग वर्गवारीही त्याच धाग्याने का करू नये? तशी ती करता येते, कारण ही माहिती बहुतेक वेळा फाइलसोबतच आलेली असते. पाकिटावर टपालाचा शिक्का असावा, तशी. फक्त विंडोज ती आपल्याला आपणहून दाखवत नाही.

आता प्रत्यक्ष बघा. कमांड प्रॉम्प्ट उघडा, डाउनलोड्स फोल्डरात जा आणि ‘डिर’ लिहून जागा सोडून ‘स्लॅश आर’ द्या. नुसत्या ‘डिर’ने यादी येते, ती येईलच, पण आता बऱ्याच फायलींच्या खाली आणखी एक ओळ दिसेल. त्याच फाइलचं नाव, मग कोलन, मग ‘झोन.आयडेंटिफायर’, आणि शेवटी ‘डॉलर डेटा’. ही वेगळी फाइल नाही. त्याच फाइलला चिकटलेली दुसरी स्ट्रीम, म्हणजे माहितीचा वेगळा कप्पा आहे. एक्सप्लोररमध्ये ती दिसत नाही, तिथे फाइलचा जो आकार दाखवतात त्यातही ती धरलेली नसते.

आता तीच उघडू. ‘नोटपॅड’ लिहा, पुढे फाइलचं पूर्ण नाव, मग कोलन, मग झोन.आयडेंटिफायर. स्पेलिंग म्हणजे नेहमीचेच दोन इंग्रजी शब्द, मधे टिंब. कॅपिटल-स्मॉलने फरक पडत नाही. नावात मोकळी जागा असेल तर सगळं अवतरणात घाला. नोटपॅडमध्ये तीन-चार ओळी येतील. पहिल्या ओळीत चौकोनी कंसात ‘झोन-ट्रान्सफर’. दुसरी, ‘झोन-आयडी बरोबर ३’. त्यानंतर, असल्यास, ‘रेफरर-यूआरएल’, म्हणजे ज्या पानावर आपण दुवा दाबला तो पत्ता. आणि ‘होस्ट-यूआरएल’, म्हणजे फाइल प्रत्यक्षात जिथून आली तो पत्ता.

तो ३ म्हणजे इंटरनेट. ० म्हणजे आपलंच यंत्र, १ म्हणजे कचेरीतलं अंतर्गत जाळं, २ म्हणजे विश्वासातल्या जागा आणि ४ म्हणजे निर्बंध घातलेल्या जागा. वर्डमध्ये मेलवरची फाइल उघडली की वर पिवळी पट्टी येते आणि फाइल फक्त वाचता येते, ती या ३ मुळे. इंटरनेटवरून आलेल्या एक्सेलमधले मॅक्रो २०२२ पासून ऑफिस थेट अडवतं, त्याचा निर्णयही हीच ओळ वाचून होतो. आणि प्रॉपर्टीजच्या खिडकीत तळाशी ‘अनब्लॉक’ची चौकट असते ना, तिच्यावर खूण केली की ही स्ट्रीमच पुसली जाते. म्हणून विनंती एवढीच, की स्क्रिप्ट चालवण्याआधी सरसकट अनब्लॉक करत सुटू नका.

ही सोय आली कुठून, हा माझा फार आवडता विषय आहे. ॲपलच्या मॅकिंटॉशवर पूर्वी प्रत्येक फाइलचे दोन भाग असत. एकात मजकूर, दुसऱ्यात चिन्हं, खिडक्या, फॉन्ट असला सरंजाम. १९९३ साली विंडोज एनटी ३.१ बरोबर एनटीएफएस ही फाइलव्यवस्था आली, तेव्हा मॅकवाल्यांच्या फायली विंडोजच्या सर्व्हरवर ठेवल्या तरी त्यांचा दुसरा भाग हरवू नये, म्हणून एका फाइलला अनेक स्ट्रीम जोडण्याची तरतूद केली गेली. सामान्य वापरणाऱ्याला तिचा पत्ताही नव्हता. पुढे मेलमधून येणाऱ्या विषाणूंनी आणि ब्लास्टरसारख्या वर्मनी जग हैराण झालं, आणि २००४ मध्ये विंडोज एक्सपीचा दुसरा सर्व्हिस पॅक आला. बाहेरून आलेली फाइल ओळखता यावी यासाठी त्यात हीच पडून असलेली तरतूद कामी आली. मॅकसाठी केलेली सोय विषाणूंविरुद्ध वापरात आली आणि आता सातबारा लावायला आपल्या उपयोगी पडते आहे. संगणकाच्या इतिहासात असे धागे सापडले की मला अपार आनंद होतो.

आता स्क्रिप्टकडे. बदल अगदी थोडा आहे. पायथॉनमध्ये या स्ट्रीमसाठी वेगळी लायब्ररी लागत नाही. फाइलच्या पत्त्याला कोलन आणि झोन.आयडेंटिफायर जोडा आणि नेहमीच्या ‘ओपन’ने उघडा. ओळी वाचा, बरोबरच्या चिन्हावर तोडा. इथे एक काळजी घ्या : फक्त पहिल्या बरोबरच्या चिन्हावर तोडा. वेबपत्त्यात स्वतःचीच बरोबरची चिन्हं असतात, सगळ्यांवर तोडलंत तर पत्त्याचे तुकडे होतील. स्ट्रीम नसेल तर ‘फाइल सापडली नाही’ ही चूक येईल. ती पकडा आणि अशा फाइलला जुन्याच नियमाने, एक्स्टेन्शनप्रमाणे लावा.

मिळालेल्या पत्त्यातून यजमानाचं, म्हणजे संकेतस्थळाचं, नाव काढायला ‘यूआरएल-पार्स’ आहेच. मग आपली छोटी डिक्शनरी : महाभूमी असेल तर ‘जमीन’, ई-कोर्ट्स असेल तर ‘कोर्ट’, नोंदणी व मुद्रांक विभाग असेल तर ‘दस्त’, बँकेचं संकेतस्थळ असेल तर ‘बँक’. नाव जुळवताना शेवटाकडून जुळवा. महाभूमीच्या डिजिटल सातबाराचा पत्ता वेगळा आणि भूलेखचा वेगळा, पण दोघांचा शेवट एकच. जुळवताना आधीचं टिंबही धरा, म्हणजे भलत्याच कुणी मिळत्याजुळत्या नावाने काढलेली जागा त्यात घुसणार नाही. आणि ‘बाकी सगळं सरकारी’ असा एखादा मोठा नियम असेल तर तो अगदी शेवटी तपासा. आधी तपासलात तर कोर्ट, जमीन, दस्त सगळं त्याच्याच पोटात जाईल.

आधी रेफरर बघावा की होस्ट? माझं मत ठाम आहे : आधी रेफरर. जीमेलवरून उतरवलेल्या जोडपत्राचा होस्ट गूगलचाच पण दुसराच एक पत्ता असतो, जो वाचून ‘मेल’ असं सहज कळत नाही. रेफररमध्ये मात्र स्वच्छ जीमेल असतं. मोठ्या संकेतस्थळांच्या फायलीही बऱ्याचदा भाड्याच्या सर्व्हरवरून येतात. काही संकेतस्थळं रेफरर पाठवूच देत नाहीत, तेव्हा होस्टवर यावं लागतं. २०२० साली क्रोमच्या ८५ व्या आवृत्तीपासून दुसऱ्या संकेतस्थळाकडे जाताना पूर्ण पानाऐवजी फक्त संकेतस्थळाचं नाव जातं, पण आपल्याला तेवढंच हवं आहे.

काही ठिकाणी हा शिक्का मिळणार नाही. ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीतून उतरवलेल्या फाइलवर ‘३’ असतो, पण पत्त्याच्या जागी नुसतं ‘अबाउट इंटरनेट’ लिहिलेलं असतं, आणि ते योग्यच आहे. फॅट-३२ किंवा एक्सफॅट पेनड्राइव्हवर फाइल नेली की स्ट्रीम गळून पडते, कारण त्या व्यवस्थेत दुसऱ्या स्ट्रीमला जागाच नाही. झिप उघडताना विंडोजची स्वतःची सोय वापरलीत तर आतल्या फायलींवर खूण उतरते आणि रेफररच्या जागी त्या झिपचाच पत्ता येतो. त्यावरून मूळ झिप शोधता येते. सेव्हन-झिपमध्ये मात्र ही खूण पुढे नेण्याची सोय २०२२ मध्ये २२.०० आवृत्तीत आली, तीही आपण चालू केली तरच.

एका ड्राइव्हवरून दुसऱ्या ड्राइव्हवर फाइल हलवताना स्ट्रीम सोबत जाईलच असं गृहीत धरू नका; विंडोजवर कॉपी करताना पर्यायी स्ट्रीम मागे राहतात असा इशारा पायथॉनच्या अधिकृत माहितीतच दिलेला आहे. म्हणून क्रम असा ठेवा : आधी वाचा, लॉगमध्ये लिहा, मग हलवा. गेल्या भागात आपण लॉग सुरू केलाच आहे, त्यात ‘कुठून’ असा एक रकाना वाढवला की झालं.

फक्त त्या लॉगमध्ये पूर्ण पत्ता लिहू नका, यजमानाचं नाव पुरे. वेबपत्त्यात कधीकधी लॉगिनची किल्लीही असते. डब्ल्यू-गेट हे लिनक्सवरचं डाउनलोडचं जुनं साधन फाइलच्या गुणधर्मांत तिचा मूळ पत्ता लिहून ठेवायचं, पासवर्डसकट पत्ता असेल तर तोही. त्याच यंत्रावरच्या दुसऱ्या कुणालाही तो वाचता येई. ही सुरक्षेतली त्रुटी म्हणून नोंदली गेली आणि १.२०.१ आवृत्तीत ती दुरुस्त झाली. आपल्या लॉगची फाइल तर पुष्कळदा क्लाउडवर जाते, कचेरीत चार जण उघडतात. तिथे तर ही काळजी हवीच.

मॅकवाल्यांना हे सगळं आयतं मिळतं. फाइलवर ‘गेट इन्फो’ केलं की ‘व्हेअर फ्रॉम’खाली पत्ता दिसतो, आणि टर्मिनलमध्ये ‘एमडीएलएस’ ही आज्ञा तोच काढून देते.

वकीलसाहेबांना माझं सांगणं असं, की सुरुवातीला पाचच पत्ते घ्या : महाभूमी, ई-कोर्ट्स, नोंदणी विभाग, तुमची बँक आणि मेल. बाकीचं ‘इतर’मध्ये पडू द्या. पहिली फेरी ‘नुसतं दाखव, हलवू नको’ या पद्धतीने चालवा. ‘इतर’मध्ये जो पत्ता वारंवार दिसेल तो सहावा. दुबार फायली पुढच्या आठवड्यात नक्की घेतो. तोवर कंसात १, २, ३ लागलेल्या फायली हाताने पुसू नका, त्यांची गरज लागणार आहे.