घरच्या गॅरेजसाठी एअर कॉम्प्रेसर कसा निवडावा?

दुकानात विक्रेता आधी दोन आकडे सांगतो: मोटर किती एचपीची आणि टाकी किती लिटरची. पण खरेदीचा निर्णय घ्यायचा तो तिसऱ्या आकड्यावर: आपल्या अवजाराला मिनिटाला किती हवा लागते?

दाब आणि हवा

दाब पीएसआय किंवा बारमध्ये मोजतात. १ बार म्हणजे सुमारे १४.५ पीएसआय. हवेवर चालणारी बहुतेक अवजारे ९० पीएसआयवर चालतात आणि घरगुती कॉम्प्रेसर साधारण ८ बार, म्हणजे ११६ पीएसआयपर्यंत दाब देतात. त्यामुळे दाब सहसा कमी पडत नाही. कमी पडते ती हवा. ती मोजण्याचे माप सीएफएम, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा. एक घनफूट म्हणजे सुमारे २८ लिटर.

कोणत्या कामाला किती?

- टायरमध्ये हवा भरणे: छोटा कॉम्प्रेसरही पुरतो.
- बारीक खिळे मारणारी नेलर गन: १ ते २ सीएफएम.
- अर्ध्या इंची इम्पॅक्ट रेंच: ४ ते ५ सीएफएम.
- सँडर किंवा मोठी स्प्रे गन: ८ ते १२ सीएफएम, कधी त्याहून जास्त.

सर्वांत जास्त हवा लागणारे अवजार धरा आणि त्याच्या गरजेपेक्षा पाव हिस्सा अधिक हवा देणारे यंत्र शोधा. रंगकाम फक्त खुर्ची-कपाटापुरते असेल, तर कमी हवेवर चालणारी एलव्हीएलपी गन घ्या; त्यासाठी मोठा कॉम्प्रेसर घ्यावा लागत नाही.

लेबल नीट वाचा

अनेक लेबलांवर ‘डिस्प्लेसमेंट’ छापलेले असते. पिस्टन जितकी जागा व्यापतो तो हा आकडा. प्रत्यक्ष बाहेर मिळणारी हवा, म्हणजे एफएडी, त्याहून बरीच कमी असते. म्हणून विक्रेत्याला ‘९० पीएसआयला एफएडी किती?’ असे स्पष्ट विचारा. ढोबळ अंदाज म्हणजे एका एचपीमागे ३ ते ४ सीएफएम.

मोठी टाकी किती तारते?

समजा, टाकी ५० लिटरची आहे. दाब ८ बारवरून ६ बारवर येईपर्यंत तिच्यातून साधारण १०० लिटर हवा मिळते. ८ सीएफएमची गन मिनिटाला सुमारे २२५ लिटर हवा ओढते. म्हणजे निव्वळ टाकीतला साठा अर्ध्या मिनिटातच संपतो. पुढे सगळी भिस्त पंपावर. नेलरसारख्या थांबत-थांबत चालणाऱ्या कामाला मात्र २४ लिटरची टाकीही पुरते.

ऑइल-फ्री की तेलाचा?

ऑइल-फ्री यंत्र हलके असते, देखभाल कमी मागते आणि त्याच्या पंपातून रंगात तेल उतरण्याची भीती नसते. पट्ट्यावर चालणारा तेलाचा पंप सहसा जास्त टिकतो आणि लांबलचक कामाला बरा. पण तेलाची पातळी तपासावी लागते. शेजार जवळ असेल तर आवाजाचा आकडाही विचारा. दोन्ही प्रकारांत ड्यूटी सायकल पाहा: ५० टक्के म्हणजे १० मिनिटांत ५ मिनिटे पंप चालणार, उरलेला वेळ विश्रांती.

वीज

२ एचपीची मोटर म्हणजे सुमारे दीड किलोवॉटची मोटर आणि सुरू होताना विजेचा प्रवाह कित्येक पटींनी वाढतो. म्हणून १६ अँपिअरचे, अर्थिंग असलेले सॉकेट द्या. बारीक तारेचा एक्स्टेंशन बोर्ड लावू नका. अंतर जास्त असेल तर हवेची नळी लांब घ्या.

पाणी आणि सुरक्षा

दाबलेली हवा गार झाली की तिच्यातली वाफ टाकीत पाणी होऊन साचते. कोकणातल्या पावसाळी दमट हवेत तर हे पाणी भरपूर जमते आणि टाकी आतून गंजवते. रोज काम संपले की दाब उतरवून तळाचा ड्रेन कॉक उघडा. रंगकामासाठी वॉटर सेपरेटर लावाच. गंजलेल्या टाकीला वेल्डिंग करून ती वापरू नका, सेफ्टी व्हॉल्व्ह कधी बंद करू नका, आणि हवेच्या लाइनसाठी पीव्हीसी पाइप घालू नका. दाबाखाली तो फुटून तुकडे उडतात. हवेचा झोत अंगावर धरू नका आणि डोळ्यांवर चष्मा हवाच.

दुकानात जाण्याआधी अवजारांची यादी करा आणि प्रत्येकासमोर सीएफएम लिहा. मोटर, टाकी आणि किंमत हे प्रश्न त्यानंतरचे.