उभे जायचे की आडवे?
मोठ्या, दोन मितींच्या ॲरेची बेरीज करणाऱ्या दोन लूपची नुसती अदलाबदल केली, तरी तोच सी प्रोग्रॅम कित्येक पटींनी मंदावू शकतो. उत्तर तेच, बेरजाही तेवढ्याच. वेळ जातो तो मेमरीची वाट पाहण्यात. इंटेल आणि एएमडीचे आजचे प्रोसेसर सहसा एकेकटा आकडा आणत नाहीत. सलग ६४ बाइट उचलून कॅशमध्ये ठेवतात. म्हणजे ४ बाइटचे १६ पूर्णांक एका खेपेत. सी भाषा ॲरे ओळीमागून ओळ साठवते, त्यामुळे ओळीने गेलात तर सोळाही कामी येतात. स्तंभाने गेलात तर एक वापरला जातो आणि उरलेले पंधरा बहुधा वाया. फोरट्रानमध्ये साठवण स्तंभानुसार, तिथे हे नेमके उलटे. नवा संगणक घेण्याआधी आतला लूप एकदा तपासाच.