टाळूतून शिरणारा उजेड

पाणपक्षी बघायचे तर डिसेंबरात, असं आपल्याकडे ठरूनच गेलंय. निफाडचा घसरलेला पारा पेपरात झळकायला लागला की नांदूरमधमेश्वरच्या रस्त्याला रविवारी गाड्यांची रांग लागते. संक्रांत झाली, ऊन जरा तापलं, की गर्दी ओसरते. खरं तर पाखरांची धामधूम तेव्हाच सुरू झालेली असते. माघ-फाल्गुनात इथलं एकेक बदक हजारो किलोमीटरच्या परतीच्या तयारीला लागलेलं असतं, आणि त्या तयारीचा इशारा त्याला देतो तो चक्क कवटीतून आत शिरणारा उजेड.

आधी जागा समजून घेऊ. गोदावरी आणि कादवेच्या संगमावर इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंधारा घातला. कोपरगाव-राहात्याकडे जाणारे गोदावरीचे डावा आणि उजवा कालवे इथूनच निघतात. पुढची शंभर वर्षं नद्यांनी आणलेला गाळ बंधाऱ्यामागे साचत राहिला. बेटं तयार झाली, पाणकणसं माजली, पाणी उथळ आणि पसरट झालं. पाटबंधाऱ्यांच्या हिशेबात हा निव्वळ तोटा. बदकाला मात्र शेपूट वर आणि डोकं खाली केल्यावर चोच तळाशी पोचली, की झालं. 1986 मध्ये हे अभयारण्य झालं आणि जानेवारी 2020 मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून त्याचं नाव जाहीर झालं.

फेब्रुवारीतल्या सकाळी चापडगावच्या मनोऱ्यावर चढलात, तर यादी वाढवायच्या मागे लागू नका. गाइडच्या स्कोपमधून एकच थवा धरून ठेवा. तलवार बदकांचा मिळाला तर उत्तमच. नराचं डोकं चॉकलेटी, मानेच्या कडेने वर चढत गेलेली पांढरी रेघ, शेपटीची मधली पिसं लांब आणि टोकदार. मादी मातकट, अंगभर ठिपके. तिच्याभोवती पाच-सहा नर घोटाळत असतात. एक जण मान ताणून उंच करतो, चोच छातीशी ओढतो आणि बारीक शीळ घालतो. लगेच दुसरा तेच करतो. मादी एकाच्या बाजूने सरकली की बाकीचे आडवे येतात. मग ती एकदम उडते आणि अख्खी वरात तिच्या मागे. पाण्यावर दोन-तीन गिरक्या होतात, तीव्र वळणं होतात, आणि सगळे परत खाली.

ऑक्टोबरात हेच नर आले तेव्हा ओळखूही आले नसते. वीण आटोपली की बदकांचे नर पंखांची मोठी पिसं एकदम झडवतात. मग तीन-चार आठवडे त्यांना उडता येत नाही. अशा वेळी भडक रंग जिवावर बेतायचा, म्हणून त्याआधीच अंगावर मादीसारखी मळकट पिसं आलेली असतात. इकडे येईपर्यंत तो वेष पुरता उतरलेला नसतो. नवा साज चढत जातो तो पुढच्या काही महिन्यांत, आणि हिवाळा सरताना तो अगदी भरात असतो.

उत्तरेकडची बहुतेक बदकं जोडीदार निवडतात ती हिवाळी मुक्कामावरच. तिकडचा उन्हाळा आखूड असतो. पोचल्यावर जोडीदार शोधत बसायला सवड कुठली? त्यामुळे पिल्लं जन्मणार सैबेरियात, आणि लग्न जमणार निफाड तालुक्यात. परतीची वाटही ठरवते मादी. ती जिथे जन्मली त्या परिसराकडे निघते आणि नर मुकाट तिच्या मागे जातो, मग तो स्वतः भलत्याच नदीकाठचा का असेना. थोडक्यात, सगळेच घरजावई.

पण निघायची तारीख यांना सांगतं कोण? ऊन तापलं म्हणून ती निघतात, असं वाटणं साहजिक आहे. कॅनडात विल्यम रोवन यांनी 1920 च्या दशकात हे तपासून पाहिलं. जंको नावाचे छोटे स्थलांतरी पक्षी त्यांनी ऐन हिवाळ्यात उघड्यावरच्या पिंजऱ्यांत ठेवले आणि विजेचे दिवे लावून त्यांचा दिवस थोडा थोडा वाढवत नेला. बाहेर हाडं गोठवणारी थंडी असतानाही पक्ष्यांचं शरीर विणीसाठी तयार झालं. तापमानाला कोणी विचारलंच नव्हतं. हिशेब उजेडाचा होता.

पुढचा धक्का 1930 च्या दशकात फ्रान्समध्ये झॅक बन्वा यांनी दिला, आणि तोही बदकांवरच्या प्रयोगांतून. दृष्टी गेलेल्या नर बदकांवर प्रकाश टाकला, तरी त्यांची वृषणं वाढत राहिली. उजेड डोळ्यांवाटे जातच नव्हता. तो पिसं, कातडी आणि पातळ कवटी भेदून थेट मेंदूच्या तळाशी पोचत होता. पुढे चिमण्यांच्या टाळूच्या कातडीखाली काळी शाई भरून पाहिली, तेव्हा हा उजेड अडला आणि दिवसाची लांबी त्यांना उमगेनाशी झाली.

आता हे नांदूरला लावून बघा. डिसेंबरअखेर इथला दिवस साधारण 11 तासांचा असतो. मार्चच्या मध्यापर्यंत तो 12 तासांवर येतो. अडीच-तीन महिन्यांत जेमतेम एक तास! आपल्याला तो घड्याळ पाहिल्याशिवाय कळत नाही. पक्ष्याच्या शरीरात वर्षाचं एक आतलं घड्याळही असतं. जर्मनीत एबरहार्ड ग्विनर यांनी वटवट्यांच्या जातीचे पक्षी वर्षानुवर्षं एकसारख्या उजेडात ठेवले, तरी पिसं झडणं आणि प्रवासाची अस्वस्थता ठरावीक काळाने येतच राहिली. फक्त त्यांचं वर्ष बारा महिन्यांपेक्षा थोडं कमी भरायचं. ते खऱ्या वर्षाशी जुळवून घ्यायचं काम उजेड करतो.

इशारा मिळाला की खाणं वाढतं, कारण प्रवासाचं इंधन म्हणजे कातडीखालची चरबी. थापट्या बदकांकडे बघा. डझनभर जण चोची पाण्यात टेकवून गोल गोल पोहत असतात. या फिरण्याने खालचं पाणी ढवळून वर येतं आणि त्याबरोबर बारीक जीवही. फावड्यासारख्या चोचीच्या कडेला दाट दाते असतात. पाणी बाहेर, किडे आत. काठावर डोक्यामागे दोन काळे पट्टे असलेले राजहंस, म्हणजे पट्टकदंब, चरताना दिसले, तर तेही याच उद्योगात आहेत. या हंसांवर उपकरणं बसवून केलेल्या अभ्यासात 7290 मीटर उंचीची नोंद मिळाली आहे. हिमालयाची चढण ते सात-आठ तासांत पार करतात, तीही पाठीवर वारा न घेता, बहुधा रात्री किंवा पहाटे. तेव्हाची थंड हवा दाट असते. पंखांना टेकू मिळतो आणि श्वासाला प्राणवायू.

या सगळ्यात एक अडचण मात्र आपली आहे. पक्ष्याचं वेळापत्रक सूर्य ठरवतो, आणि त्याच्या पायाखालच्या पाण्याचं वेळापत्रक कालव्याचं आवर्तन. पाणी थोडं उतरलं तर चांगलंच. गाळाचे पट्टे उघडे पडतात, शेकाटे आणि तुतवार तिथे तुटून पडतात. पण ते फारच लवकर उतरलं, तर बदकांचं ताट भरायच्या आधीच उचललं जातं. पाणी लवकर आटलं म्हणून दिवस काही लवकर मोठा होत नाही. द्राक्षबागा आणि ऊस यांची गरज खोटी नाही, कोपरगावकरांची तहानही खोटी नाही. म्हणून तर हा बंधारा बांधला गेला. तरीही पाणी सोडण्याच्या बैठकीत पाखरांच्या परतीच्या तयारीच्या चार-सहा आठवड्यांचा हिशेब धरता येण्यासारखा आहे. तोवर मनोऱ्यावर गेलात की गाइडदादांना दोन गोष्टी विचारा: आज काय काय दिसतंय, आणि पुढचं आवर्तन कधी सुटतंय. दुसऱ्याचं उत्तर मिळालं, की पुढच्या रविवारी काय दिसेल हे निम्मंअर्धं तुमचं तुम्हालाच सांगता येईल.