बिघडलेली फ्रेम आपोआप पकडण्याची रीत

सेकंदाला 60 फ्रेम दाखवणाऱ्या खेळात एक फ्रेम, म्हणजे पडद्यावरचे एक पूर्ण चित्र, जेमतेम 16.7 मिलिसेकंद टिकते. त्यामुळे क्षणभर चमकून गेलेला दोष एफ-12 कळ दाबून हाताने टिपणे जवळजवळ अशक्यच असते. बाल्डर कार्लसन यांनी घडवलेले ‘रेंडरडॉक’ हे मुक्तस्रोत साधन ही कळ दाबल्यावर एका फ्रेमसाठी ग्राफिक्स कार्डाला दिलेल्या आज्ञा, टेक्श्चर (पृष्ठभागांवर चढवायची चित्रे) आणि शेडर, म्हणजे रंग-आकार ठरवणारे छोटे प्रोग्रॅम, एकाच फाइलमध्ये साठवते.

त्याची खरी ताकद प्रोग्रॅममधूनच नोंद सुरू करता येण्यात आहे. दोष लक्षात येईपर्यंत फ्रेम निघून गेलेली असते, म्हणून प्रत्येक फ्रेमच्या आरंभीच ‘स्टार्टफ्रेमकॅप्चर’ हे फंक्शन बोलावून, तयार झालेले चित्र अपेक्षित नमुन्याशी ताडून, ते बरोबर असल्यास ‘डिस्कार्डफ्रेमकॅप्चर’ने नोंद टाकून द्यावी आणि बिघडलेले असल्यासच ‘एंडफ्रेमकॅप्चर’ने जतन करावी, हा मार्ग प्रोग्रॅमचा वेग बराच कमी करत असला तरी सर्वांत भरवशाचा आहे. खिडकी न उघडता चालणाऱ्या चाचण्यांत तर फ्रेमची हद्द अशी सांगावीच लागते.

हे साधन विंडोज आणि लिनक्सवर विनामूल्य चालते. व्हल्कन किंवा ओपनजीएल या ग्राफिक्स प्रोग्रॅमिंगच्या प्रणाली शिकणाऱ्या परभणी, जिंतूर, सेलूच्या विद्यार्थ्यांनी ते पहिल्याच प्रकल्पात जोडून घ्यावे.