सूर्य घेणार की चंद्र?

मार्गशीर्षातल्या पहाटे राहनाळहून अंजूरफाट्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला उभं राहिलं की सायकली आधी ऐकू येतात, मग दिसतात. दोन कंटेनर गेल्यावर मधे जी क्षणभर शांतता पडते, तिच्यात साखळीची करकर आणि मडगार्डची खडखड ऐकू येते आणि धुरकटातून एक माणूस बाहेर येतो. कानाला मफलर, हँडलला डबा. कोणी गोदामावरचा रखवालदार, कोणी लूमवर रात्रपाळी करून परतणारा, कोणी पेपर टाकणारा. रविवारी याच वेळेला ठाण्याकडून, कशेळीच्या पुलावरून दुसऱ्या सायकली येतात. हेल्मेट, पुढेमागे लुकलुकणारे दिवे, आवाज जवळपास नाहीच. त्यांना वज्रेश्वरीची गरम पाण्याची कुंडं गाठायची असतात.

गेले काही दिवस मला एकच प्रश्न पडलाय. या सगळ्यांना एकाच खेळात घेता येईल का? समजा, राहनाळला थंडीतली एक मैत्रीची सायकल स्पर्धा भरवली. १ डिसेंबर ते १४ जानेवारी, म्हणजे पंचेचाळीस दिवस. आपापली सायकल, आपापला रस्ता, रोजचं अंतर एका वहीत मांडायचं, आणि शेवटी तिळगूळ. गुण कसे द्यायचे आणि संघ कसे पाडायचे, एवढंच ठरवायचं राहतं. हे ‘एवढंच’ किती खोल आहे ते कागद-पेन घेऊन बसल्यावर कळलं.

वेगाला गुण नाहीत, हे पहिल्या ओळीतच लिहून टाकायचं. या रस्त्यावर कंटेनर दिवसरात्र चालतात. इथे वेगाला एक गुण जरी ठेवला तरी तो कोणाच्या तरी जिवाशी खेळ ठरेल.

मग अंतराला गुण? किलोमीटरला एक गुण हा नियम सरळ वाटतो. पण रखवालदार रोज जाऊन-येऊन चार किलोमीटर चालवतो, पंचेचाळीस दिवसांचे त्याचे होतात १८०. रविवारवाला दर खेपेला शंभर मारतो, सहा रविवारचे सहाशे. पहिल्या आठवड्यातच निकाल लागला. बाकीचे वहीकडे फिरकणारसुद्धा नाहीत.

शिवाय किलोमीटर-किलोमीटरमध्येही फरक असतो. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो आणि तो कापायला लागणारी ताकद आठपट. काळी, ताठ बसून चालवायची सायकल वीस किलोच्या आसपास भरते. जागतिक सायकल महासंघाला शर्यतीच्या सायकलीसाठी उलट किमान वजन ठरवून द्यावं लागलं, ६.८ किलो. त्यातून सपाट रस्त्यावर वजनापेक्षा वारा जास्त छळतो. आपल्या कोकणपट्टीत हिवाळ्याच्या पहाटे जमिनीकडून मतलई वारा वाहतो आणि दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा आत येतो. म्हणजे राहनाळहून सकाळी ईशान्येला, भिवंडीकडे कामाला जाणाऱ्याला जाताना वारा समोरून आणि संध्याकाळी परतताना पुन्हा समोरूनच! ताशी १५ किलोमीटरने चालवणाऱ्याला समोरून १० चा वारा लागला, तर अंगावर येते २५ ची हवा, आणि विरोध होतो पावणेतीन पटींहून जास्त. तोच वारा पाठीशी असेल तर विरोध नवव्या हिश्श्यावर येतो. दोघांनी वहीत लिहायचं मात्र तेच, चार किलोमीटर.

हे सगळं मोजून प्रत्येकाला सूट देता येईल का, हा विचार जगात पूर्वीच झालाय. ऑस्ट्रेलियातली मेलबर्न आणि वॉर्नांबूल यांच्यामधली शर्यत १८९५ पासूनची. तिथे कित्येक दशकं कच्च्या गड्यांना आधी सोडायचे आणि पक्क्यांना बऱ्याच वेळाने, मागून. कल्पना फार सुंदर आहे, कारण तिच्यात सगळे शेवटच्या टप्प्यात एकत्र येतात. पण कोणाला किती मिनिटं द्यायची हे ठरवणारा माणूस लागतो, आणि सूट मिळावी म्हणून आधी मुद्दाम रेंगाळणारेही निघतात. पंचेचाळीस दिवसांच्या गावच्या खेळात असा पंच कोण होणार, आणि झाला तर त्याच्याशी पुढे कोण बोलणार?

इथे मला मदतीला आलं वर्गमूळ. शाळा सुटल्यावर ते पुन्हा भेटेल असं वाटलं नव्हतं. दिवसाचं एकूण अंतर घ्यायचं आणि त्याचं वर्गमूळ म्हणजे त्या दिवसाचे गुण. एक किलोमीटरला एक, चारला दोन, नऊला तीन, पंचवीसला पाच, शंभरला दहा. आता रखवालदाराचे रोजचे दोन, पंचेचाळीस दिवसांचे नव्वद. रविवारवाल्याचे दहा, सहा रविवारचे साठ. शंभर किलोमीटरचा मान गेलेला नाही, एका दिवसात दहा गुण दुसरं कोणी मिळवणार नाही. पण घराबाहेर पडून पहिला किलोमीटर चालवायला जी हिंमत लागते तिला सगळ्यात जास्त मोल मिळालं, आणि पुढचा प्रत्येक किलोमीटर थोडा थोडा स्वस्त होत गेला.

ही युक्ती जुनी आहे. गरिबाला मिळालेला एक रुपया आणि श्रीमंताला मिळालेला एक रुपया यांचं मोल सारखं कसं असेल, असा प्रश्न अठराव्या शतकात गणित्यांना पडला होता. स्वित्झर्लंडच्या गॅब्रिएल क्रेमरने १७२८ मध्ये एका पत्रात सुचवलं की पैशाचं खरं सुख त्याच्या वर्गमूळाने वाढतं. दहा वर्षांनी डॅनियल बर्नुलीने याच विचाराला लॉगरिथमचं रूप दिलं. तीनशे वर्षांपूर्वीच्या त्या पत्रातलं सूत्र राहनाळच्या रखवालदाराच्या सायकलीला चपखल बसतं, हे पाहून मी कितीतरी वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिलो.

वर्गमूळात दोन चोरवाटा आहेत, त्या बुजवायला हव्यात. शंभर किलोमीटरचे चार-चारचे पंचवीस तुकडे करून वेगवेगळे लिहिले तर दहाऐवजी पन्नास गुण होतात. म्हणून हिशेब फेरीचा धरायचा नाही, दिवसाचा धरायचा. दुसरी वाट अंगणातली. पाव किलोमीटरचं वर्गमूळ अर्धा, म्हणजे अंतरापेक्षा गुण जास्त! म्हणून एक किलोमीटरच्या आत काहीच नाही. आणि पंचेचाळीसपैकी ज्याचे त्याचे चांगले छत्तीस दिवसच धरायचे. थंडीत इथली हवा खाली बसते, धूळ आणि धूर डोक्यावरच राहतो. अशा सकाळी खोकणाऱ्या माणसाला गुणांनी घराबाहेर ओढू नये. नऊ दिवस त्याचे हक्काचे. नियम सर्वांना सारखा, रखवालदाराचे बहात्तर झाले तरी तो पुढेच राहतो.

आता संघ. इथे मला सगळ्यात मोठा आश्चर्याचा धक्का बसला, कारण उत्तर आपल्याला पाचवी-सहावीत माहीत होतं.

मैदानात दोन कप्तान ठरले की बाकीचे काय करायचे? साधारण तुल्यबळ अशी दोघं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून लांब जायची, कानात काहीतरी कुजबुजायची आणि परत येऊन विचारायची, ‘सूर्य घेणार की चंद्र?’ कप्तानाने चंद्र म्हटलं की जो चंद्र झाला असेल तो त्याचा भिडू, दुसरा समोरच्याचा. जोडी विषम असेल तर आजूबाजूची पोरं ओरडायची आणि जोडी मोडायची. लहानग्याला कोणी जोडीत घेत नसे, तो कच्चा लिंबू, दोन्हीकडून खेळायचा.

सोळा जणांचे आठ-आठचे दोन गट पाडायचे तर १२,८७० वेगवेगळ्या निवडी करता येतात, आणि त्यातल्या पुष्कळ वाटण्या अगदी एकतर्फी असतात. जोड्या लावून सूर्य-चंद्र केलं की फक्त २५६ शक्यता उरतात, आणि जोड्या नीट लागल्या असतील तर सगळ्या जवळपास समतोल. ज्ञान आणि नशीब यांची कामं पोरांनी किती नेमकी वाटून दिली होती! कोण कोणाच्या तोडीचं हे माणसांनी ठरवायचं, कोण कोणाकडे जाणार हे नशिबाने.

इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात पिकांच्या प्रयोगांसाठी हेच तत्त्व मांडलं. सारख्या कसाच्या जमिनीचे तुकडे एकत्र घ्यायचे आणि कुठल्या तुकड्याला कुठलं खत हे चिठ्ठीने ठरवायचं. आजही औषधांच्या चाचण्यांमध्ये रुग्णांचे गट पाडताना हा विचार वापरतात. आपल्याकडे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी पीक कापणीचा अंदाज काढताना शेत आणि शेतातला तुकडा निवडण्याचं काम नशिबावर सोपवण्याचा आग्रह धरला. भिवंडी तालुक्यातल्या भाताच्या खाचरात पीक कापणी प्रयोगाची चौकट आखली जाते तेव्हा त्यामागे मैदानातल्या सूर्य-चंद्राचाच भाऊबंद उभा असतो.

आणि कप्तानांनी आळीपाळीने गडी निवडायचे ठरवले तर? पहिला, दुसरा, पहिला, दुसरा अशी पाळी लावली की पहिल्या कप्तानाला दर खेपेला एक पायरी वरचा गडी मिळतो. आठ गड्यांना ताकदीप्रमाणे १ ते ८ क्रमांक द्या. त्याच्याकडे १, ३, ५, ७ येतात, बेरीज १६. दुसऱ्याकडे २, ४, ६, ८, बेरीज २०. म्हणून काही ठिकाणी पाळी उलटवतात, पहिला, दुसरा, दुसरा, पहिला, आणि पुन्हा तसंच. आता बेरीज १८-१८. झालं ना सारखं? नाही, कारण गड्यांमधलं अंतर सारखं नसतं. क्रमांकांचे वर्ग करून बघितले तर १०६ आणि ९८, तराजू पुन्हा झुकला.

आता दुसऱ्या चौकडीत पाळीही उलटवा. पहिला, दुसरा, दुसरा, पहिला, मग दुसरा, पहिला, पहिला, दुसरा. एकाकडे १, ४, ६, ७ आणि दुसऱ्याकडे २, ३, ५, ८. बेरीज १८-१८. वर्गांची बेरीज १०२ आणि १०२! सोळा गडी घेऊन सगळी माळ पुन्हा एकदा उलटवली तर घनांची बेरीजही जुळते, दोन्हीकडे ९,२४८. मी हा हिशेब दोनदा केला, कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही. फ्रान्सच्या प्रूएने १८५१ मध्ये हे पाहिलं होतं. पुढे १९०६ मध्ये नॉर्वेच्या थ्यूला आणि १९२१ मध्ये अमेरिकेच्या मोर्सला ही माळ अगदी वेगळ्या कामांत सापडली. ‘तू आधी, मग मी, पण आधी घेण्याचा फायदा पुढच्या वेळी माझा, आणि त्या फायद्याचा फायदा त्याच्या पुढच्या वेळी तुझा’, असं म्हणत गेलं की ती आपोआप विणली जाते.

तरी माझं मत सूर्य-चंद्राच्या बाजूने आहे. कप्तानाने निवडायचं म्हटलं की कोणीतरी शेवटी उरतो, आणि उरण्याचं ते अर्धं मिनिट माणूस जन्मभर विसरत नाही. जोडीत कोणी उरत नाही.

संघ झाले, सहा-सहा जणांचे. संघाचे गुण कसे काढायचे? सरासरी धरली तर कच्चा गडी सगळ्यांना जड होतो. तूर द फ्रान्समध्ये संघाच्या निकालासाठी दर टप्प्यात पहिल्या तिघांचा वेळ धरतात, त्यात चौथ्याला कोणी विचारत नाही. मला आवडला तो ट्रॅकवरच्या सांघिक पाठलागाचा नियम. चौघं चार किलोमीटर एकामागोमाग एक धावतात, आणि घड्याळ थांबतं तिसऱ्याचं चाक रेषेला लागल्यावर. पहिल्याने एकट्याने सुसाट जाऊन काहीच होत नाही. त्याला तिसऱ्यासाठी वारा अडवावा लागतो.

राहनाळला हेच घ्यावं. त्या दिवशी संघातल्या सहा जणांमध्ये ज्याचे गुण चौथे, तेच संघाचे गुण. दोघांना आजारपण, हळद, पाळी, काहीही असो, मोकळीक आहे. पण रविवारवाल्याचे शंभर किलोमीटर त्याच्या संघाला तोवर उपयोगाचे नाहीत, जोवर तो चौथ्याच्या दारात जाऊन ‘चल रे, पूर्णापर्यंत जाऊन येऊ’ म्हणत नाही. यात एक उणीव आहे. रोज पाचवे-सहावे राहणारे दोघं तेच राहिले तर ते हिशेबाबाहेर पडतील. म्हणून रविवारी चौथा नाही, सहावा धरायचा.

खोट्या नोंदींची भीती मला फार वाटत नाही. लांब पल्ल्याच्या ब्रेव्हेमध्ये, म्हणजे तेरा-साडेतेरा तासांत दोनशे किलोमीटर पुरे करणाऱ्या राइडमध्ये, वाटेतल्या ठिकाणी कार्डावर शिक्का घेण्याची रीत पडली आहे, आणि तिथे पहिला-दुसरा असा क्रमांकच नसतो. फोन नसलेल्या माणसाला चहाच्या टपरीवरचा शिक्का पुरेल.

एक नियम मात्र फ्रान्सच्या एका लोहाराच्या भट्टीतून आला आहे. तूर द फ्रान्स १९०३ मध्ये सुरू झाली तेव्हा एकूण वेळ मोजत. १९०४ मध्ये इतकी फसवाफसवी झाली की पहिले चारही जण बाद झाले, आणि १९०५ पासून वेळेऐवजी क्रमांकाचे गुण आले. १९१३ मध्ये पुन्हा वेळ आली. त्याच वर्षी तूरमाले घाटावर यूजेन क्रिस्तोफच्या सायकलीचा पुढचा चिमटा तुटला. नियम असा, की दुरुस्ती ज्याची त्याने करायची. सायकल खांद्यावर घेऊन तो दहा किलोमीटरहून जास्त खाली चालत गेला आणि सँत-मारी-द-कांपां गावातल्या लोहाराच्या भट्टीवर त्याने स्वतः चिमटा जोडला. काही तास गेले आणि त्याबरोबर शर्यतही. पंच शेजारी उभे राहून बघत होते. एका पोराने भाता हलवला, म्हणून त्यांनी वर दंडाची मिनिटं लावली.

म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर लिहायचं. वाटेत कोणाची सायकल पंक्चर झाली, साखळी पडली आणि दुसरा थांबला, तर त्या दिवशी दोघांच्या नावावर दोघांतलं मोठं अंतर. थांबणारा कोणत्याही संघाचा असो. आणि भाता हलवणाऱ्या पोराला, सायकल नसली तरी, एक गुण.