नाव लिहिलंत का?

मुंबईच्या चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर, मी कंदिलाची जुनी काच शोधायला गेलो होतो. काच मिळाली नाही. दुकानाच्या कोपऱ्यात पत्र्याच्या डब्यात जुने फोटो कोंबलेले दिसले. "कोई भी उठाओ, दो सौ," दुकानदार म्हणाला.

चाळताना एका फोटोवर हात थांबला. नऊवारीतल्या बाई, पगडीवाले गृहस्थ आणि मधे जरीची टोपी घातलेला मुलगा. मुलगा हलला असावा, चेहरा पुसट आला होता. त्या काळी फोटो निघेस्तोवर काही सेकंद निश्चल बसावं लागे. मी फोटो उलटला. मागे कोरं.

असे फोटो बरंच काही सांगतात. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, तपकिरी झाक असलेला फोटो बहुधा अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या कागदावर छापलेला असतो. हा कागद १८५० मध्ये फ्रान्समध्ये निघाला आणि शतकाच्या अखेरीपर्यंत जगभर चालला. कागद पातळ, त्याची गुंडाळी होई, म्हणून पुठ्ठा. तिरप्या उजेडात काळ्या भागावर चांदीसारखी चमक दिसली, तर फोटो बहुधा नंतरच्या, जिलेटिनच्या कागदावरचा. मुंबईला हा नाद जुना. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या काळचे नावाजलेले छायाचित्रकार.

कागद कळला, काळाचा अंदाज आला. माणसं कोण, ते मात्र कळेना.

घरी येऊन आत्याची ट्रंक उघडली. आत्या सत्त्याऐंशी वर्षांची. एका लग्नाच्या फोटोत चौदा माणसं होती. अकरांची नावं तिनं भराभर सांगितली. तिघांपाशी बोट अडलं. "चेहरा ओळखीचा आहे रे, नाव येत नाही."

तुमच्याही घरी असे फोटो असतील. ते आजच वडीलधाऱ्यांपुढे ठेवा. फोटो स्वच्छ, सपाट जागेवर पालथा ठेवून मऊ पेन्सिलीनं कडेला हलक्या हातानं नावं लिहा. बॉलपेन नको, त्याचा वळ पुढे उमटतो. गुळगुळीत कागदावर पेन्सिल उठली नाही, तर नावं पाकिटावर लिहून फोटो त्यात ठेवा. लॅमिनेशन करू नका, चिकट पानांचा अल्बम टाळा, उन्हात टांगू नका.

चोरबाजारातला तो फोटो मी विकत आणला. त्या मुलाचं नाव सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. आत्याच्या फोटोमागे मात्र अकरा नावं लिहून झाली आहेत. तिघांची जागा मोकळी ठेवली आहे. आत्याला एखादे दिवशी आठवेलही.