'चार्ज'चे ओझे

पलूस तालुक्यातल्या द्राक्षबागायतदाराने सोसायटीकडून कर्ज काढले की त्याच्या सातबाऱ्यावर, इतर हक्कांच्या रकान्यात, बोजा चढतो. कर्ज फिटले की तो उतरवून घ्यावा लागतो. इंग्रजी कायदा जमिनीवरच्या या बोजाला 'चार्ज' म्हणतो. तहसीलदार कचेरीत रुजू झाले की त्यांनी 'चार्ज घेतला'. पोलिसांचे दोषारोपपत्र म्हणजे 'चार्जशीट'. वीजबिलातला स्थिर आकार हाही चार्जच. लोखंडी नांगरांनी नाव मिळवलेली किर्लोस्करवाडी याच तालुक्यातली. तिथल्या ओतकामाच्या भट्टीत थराथराने टाकलेले लोखंड, कोक आणि चुनखडी यांनाही कारागिरांच्या बोलीत हेच नाव आहे.

इतके अर्थ एका शब्दात आले ते एका गाड्यामुळे. लॅटिनमध्ये 'कारुस' म्हणजे गाडा आणि 'कारिकारे' म्हणजे गाड्यात माल भरणे. फ्रेंचमार्गे इंग्रजीत त्याचा 'चार्ज' झाला, स्पॅनिशमध्ये 'कार्गार'. बंदुकीत दारू भरणे, माणसावर जबाबदारी टाकणे, त्याच्यावर गुन्हा ठेवणे, असे अर्थ त्यातून फुटत गेले. अठराव्या शतकाच्या मध्यावर बेंजामिन फ्रँकलिनने विजेच्या प्रयोगांचे वर्णन करताना तो विजेला लावला आणि तिथे तो कायमचा रुजला.

'चार्ज'चा स्पॅनिशमध्ये अनुवाद करणाऱ्याला आधी लिंग ठरवावे लागते. स्त्रीलिंगी 'कार्गा' म्हणजे ओझे, भट्टीतला माल, विद्युतप्रभार. पुल्लिंगी 'कार्गो' म्हणजे पद, किंवा आरोप. स्पेनमध्येही जमीन विकताना ती 'लिब्रे दे कार्गास' आहे असे सांगतात. सातबारा कोरा आहे, असे आपण म्हणतो ते हेच.

मला खरे नवल वाटते ते मराठीचे. मराठीने लॅटिन गाडा पाहिलेला नाही. आपला 'भार' संस्कृत 'भृ' धातूचा, म्हणजे वाहून नेणे. लॅटिन शब्दाशी त्याचे काहीही नाते नाही. तरी अधिकारी पदभार स्वीकारतो, आणि स्पॅनिश माणूसही अगदी तसेच, 'कार्गो' स्वीकारतो. विजेचा प्रभार त्याच धातूचा. बंदुकीत बार भरतात. फारसीत 'बार' म्हणजे ओझे, आणि तो आपल्या 'भार'चाच सख्खा भाऊ. 'आरोप' वेगळ्या धातूचा वाटतो, पण त्याचा मूळ अर्थ वर ठेवणे, चढवणे. जमिनीवर बोजा चढवतात तसा शत्रूवर हल्ला चढवतात, आणि घोडदळाच्या त्या हल्ल्यालाही स्पॅनिश 'कार्गा'च म्हणते. माणसाच्या डोक्यावर ओझे ठेवले की त्याचे काय होते, हे दोन्ही भाषांनी आपापल्या अंगणात पाहिले असणार.

पैशाशी गाठ पडली की मात्र दोघी ही वाट सोडतात. मराठीत 'आकार' येतो, म्हणजे आकारणी करून ठरवलेली रक्कम, नाहीतर पाणीपट्टी-घरपट्टीतली 'पट्टी'. दुकानदाराने किती घेतले, हे सांगताना स्पॅनिश 'कोब्रार' वापरते. त्याचे मूळ परत मिळवणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे. खात्यातून बँकेने रक्कम वळती केली, तर मात्र ती नोंद पुन्हा 'कार्गो'.